शाळा कोणाची, सल्ला कोणाचा? : उद्योगसमूह-पुरस्कृत शैक्षणिक तंत्रज्ञान प्रकल्पांतील तज्ज्ञ सल्लागार मंडळांची चिकित्सा

सारांश

शालेय शिक्षणात तंत्रज्ञान आणणारे अनेक प्रकल्प आज कंपन्यांच्या आर्थिक पाठबळावर चालतात. अशा प्रकल्पांना शैक्षणिक दिशा मिळावी म्हणून तज्ज्ञ सल्लागार मंडळे नेमण्याची प्रथा रूढ झाली आहे. ही मंडळे प्रत्यक्षात कोणते कार्य करतात, त्यांना कोणते अधिकार असतात आणि ती कोणाला उत्तरदायी असतात, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी सिंधुदुर्गातील 'भिंतीतील संगणक', रायगड जिल्ह्यातील खैराट येथील लॅपटॉप प्रकल्प, शालेय माहिती-तंत्रज्ञान धोरणाचा मसुदा आणि जळगाव जिल्ह्यातील खिरोदा प्रकल्प ही उदाहरणे घेतली आहेत. सल्लागार मंडळाकडे नसलेला एक अधिकार कायद्याने गावातील शाळा व्यवस्थापन समितीला आधीच दिलेला आहे, मात्र तो वापरला जात नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सल्लागार मंडळ, शैक्षणिक तंत्रज्ञान, सामाजिक उत्तरदायित्व, शाळा व्यवस्थापन समिती, सिंधुदुर्ग.

१. प्रस्तावना

मुंबईहून गोव्याकडे जाताना कणकवलीच्या अलीकडे नांदगाव लागते. येथील तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो आणि कोकण रेल्वेचे 'नांदगाव रोड' हे स्थानकही याच गावाच्या नावाचे आहे. म्हणजे ज्याला दुर्गम म्हणावे असे हे गाव नाही. महामार्ग, रेल्वे आणि बाजारपेठ या तिन्ही गोष्टी त्याच्या अंगणात आहेत. तरीही या परिसरातील एका शाळेत प्रस्तुत लेखकाने जे पाहिले, ते या लेखाचे निमित्त ठरले.

शाळेच्या एका खोलीत देणगीदाखल मिळालेले संगणक कापडाखाली झाकून ठेवले होते. एका पावसाळ्यात वीज पडून काही यंत्रे निकामी झाली होती. इन्व्हर्टरची बॅटरी त्याआधीच संपली होती. भिंतीवर मात्र प्रकल्पाचा फलक सुस्थितीत होता. त्यावर देणगीदाराच्या नावाखाली 'मार्गदर्शक तज्ज्ञ' म्हणून काही प्राध्यापकांची आणि निवृत्त अधिकाऱ्यांची नावे सुवाच्य अक्षरांत रंगवलेली होती. फलकाकडे बोट दाखवून तेथील गुरुजी म्हणाले, "ह्यांतल्या कोणाक फोन करूचो, ता सांगा."

हा प्रश्न केवळ यंत्रदुरुस्तीचा आहे, असे मानणे सोपे आहे. वस्तुतः तो उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे. ज्यांच्या नावामुळे प्रकल्पाला शैक्षणिक प्रतिष्ठा लाभली, त्यांचा आणि त्या खोलीचा संबंध नेमका काय होता? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न पुढील विवेचनात केला आहे.

२. सल्लागार मंडळाचे स्वरूप आणि कायद्याची चौकट

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ अन्वये ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. 'सीएसआर' या नावाने ती आता खेड्यातील शिक्षकांनाही परिचित आहे. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षणाचा समावेश असल्यामुळे या निधीचा मोठा ओघ शाळांकडे वळला. संगणक, टॅब्लेट, प्रक्षेपक, 'स्मार्ट' वर्ग या स्वरूपात तो प्रत्यक्ष शाळेत पोहोचतो.

या निधीच्या विनियोगासाठी कायद्याने संचालकांची समिती सांगितली असून तीत सामान्यतः किमान एक स्वतंत्र संचालक असावा लागतो. 'स्वतंत्र' कोणास म्हणावे, याचीही व्याख्या कायद्याने केली आहे. विहित मर्यादेपलीकडचा आर्थिक हितसंबंध असलेली व्यक्ती स्वतंत्र संचालक होऊ शकत नाही. २०२१ मधील नियमदुरुस्तीनंतर मोठ्या कंपन्यांच्या एक कोटी रुपये वा त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करणेही बंधनकारक झाले आहे.

शैक्षणिक सल्लागार मंडळाबाबत मात्र कायदा मौन पाळतो. त्यात कोण असावे, त्यांना मानधन कोणी द्यावे, त्यांनी दिलेला सल्ला नाकारल्यास ते नोंदवले जावे की नाही, यांपैकी काहीही ठरलेले नाही. म्हणजे नफ्याचा हिशेब तपासणाऱ्याकडून कायदा जे स्वातंत्र्य मागतो, ते मुलांच्या शिक्षणाविषयी सल्ला देणाऱ्याकडून तो मागत नाही. सल्लागार मंडळांच्या बहुतेक दोषांचे मूळ या विसंगतीत आहे.

अशा मंडळाची कार्ये तीन प्रकारची असू शकतात. पहिले शैक्षणिक कार्य : पाठ्यघटक, भाषा, शिक्षकप्रशिक्षण आणि मूल्यमापन यांविषयी मार्गदर्शन करणे. दुसरे प्रमाणीकरणाचे कार्य : तज्ज्ञाच्या नावामुळे शासनाकडून परवानगी मिळणे व पालकांचा विश्वास बसणे. तिसरे बाजारपेठेचे कार्य : एखाद्या उत्पादनाला शाळेत प्रवेश मिळवून देणे. पहिल्या कार्यासाठी मंडळ नेमल्याचे सांगितले जाते. पण त्याला निर्णयाचा अधिकार नसेल, तर शिल्लक राहतात ती दुसरी आणि तिसरी कार्ये.

व्यवसायजगतातील एक अलीकडचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. 'बायजूज' या शैक्षणिक तंत्रज्ञान कंपनीच्या संचालक मंडळातील गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधींनी आणि लेखापरीक्षकांनी २०२३ च्या जूनमध्ये राजीनामे दिले. त्यानंतर जुलैमध्ये कंपनीने भारतीय स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष रजनीश कुमार आणि मोहनदास पै यांचा समावेश असलेली सल्लागार परिषद स्थापन केली. जून २०२४ अखेर तिची मुदत संपली आणि ती पुढे चालू राहिली नाही. ही परिषद शैक्षणिक नव्हे, व्यावसायिक सल्ल्यासाठी होती, हे मान्य. तथापि नामवंत सल्लागार असणे आणि त्या सल्ल्याने संस्थेची वाटचाल बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

३. भिंतीतील संगणक : सिंधुदुर्गाचा अनुभव

२६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीतील कालकाजी येथे एनआयआयटी या संगणक-प्रशिक्षण कंपनीच्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसवण्यात आला. भिंतीपलीकडील वस्तीतील मुलांना तो मोकळा होता. कंपनीचे शास्त्रज्ञ सुगत मित्रा यांचा हा प्रयोग 'होल इन द वॉल' या नावाने जगभर गाजला. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय, गटागटाने, मुले संगणक हाताळण्यास आपोआप शिकतात, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. २००१ मध्ये जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या सहभागाने या कल्पनेच्या विस्तारासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. पुढील काही वर्षांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवडक गावांतही असे संगणक बसवले गेले.

या केंद्रांविषयीच्या परिमला इनामदार यांच्या २००४ मधील शोधनिबंधाचे महत्त्व नाकारता येणार नाही. संगणक विषय वर्गात न शिकलेल्या, पण या केंद्रांवर वावरलेल्या आठवीच्या मुलांना शालेय अभ्यासक्रमाची परीक्षा देण्यास सांगण्यात आले. त्यांची कामगिरी विषय रीतसर शिकलेल्या मुलांच्या जवळपास पोहोचली. कोकणातील मुलांच्या जिज्ञासेचा हा पुरावा कोणत्याही शिक्षकाला आनंद देणारा आहे.

तरीही येथे दोन प्रश्न उरतात. पहिला प्रश्न पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. कल्पना मांडणारे, तिच्या विस्तारात आर्थिक हितसंबंध असणारे आणि तिचे प्रारंभीचे मूल्यमापन करणारे हे बहुतांशी एकाच वर्तुळातील होते. त्या वर्तुळाबाहेरील अभ्यासकांना दिसलेले चित्र वेगळे आहे. मार्क वॉरशॉर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिल्लीतील केंद्राविषयी नोंदवले, की इंटरनेट क्वचितच चालू असे, हिंदीतील साहित्य जवळपास नव्हते, मुले मुख्यतः चित्रे काढत वा खेळ खेळत आणि पालक या उपक्रमाविषयी साशंक होते. पायल अरोरा यांनी उत्तराखंडातील अल्मोडा व हवालबाग येथील केंद्रांचा शोध घेतला, तेव्हा ती बंद पडलेली आढळली. त्यांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग सुरू असतानाचे निष्कर्ष आणि प्रयोग संपल्यानंतरचे वास्तव यांतील हे अंतर एखाद्या स्वतंत्र मंडळाने सातत्याने तपासले असते, तर ते वेळीच ध्यानात आले असते.

दुसरा प्रश्न शिक्षकाच्या स्थानाचा आहे. 'शिक्षकाविना शिक्षण' ही कल्पना व्यासपीठावर आकर्षक वाटते. ज्या जिल्ह्यात पटसंख्या घटत चालल्यामुळे एक-दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळांचे भवितव्यच अनिश्चित आहे, तेथे तिचा अर्थ निराळा होतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची योजना पुढे आणली. शिक्षकपदे पटाशी बांधणारे संचमान्यतेचे नवे निकष मार्च २०२४ मध्ये आले. अशा काळात यंत्र शिक्षकाला पूरक आहे की पर्यायी, हा प्रश्न वाडीवरच्या शाळेच्या अस्तित्वाशी निगडित आहे. तो ज्या मंडळासमोर ठेवायचा, त्या मंडळात वाडीवरच्या शाळेचा शिक्षक नसतो.

४. देणगीदार जेव्हा मंडळात बसतो

सल्लागार आणि देणगीदार यांच्यातील सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' हा प्रकल्प होय. निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या या योजनेच्या पाठीशी सेमूर पेपर्ट यांच्यासारख्या थोर शिक्षणचिंतकाचे विचार होते. मूल संगणकाला शिकवते आणि त्यातून स्वतः शिकते, ही पेपर्ट यांची मांडणी आजही वाचनीय आहे. मात्र संस्थेच्या मंडळात एएमडी, गूगल, न्यूज कॉर्पोरेशन, रेड हॅट अशा पुरस्कर्त्या कंपन्यांना स्थान होते. एएमडीची प्रतिस्पर्धी असलेली इंटेल जुलै २००७ मध्ये मंडळात आली आणि आपल्या 'क्लासमेट' संगणकाच्या विक्रीवरून उद्भवलेल्या वादानंतर जानेवारी २००८ मध्ये बाहेर पडली. मुलांच्या शिक्षणासाठी नेमलेल्या मंडळातील हा कलह चिपच्या बाजारपेठेसाठी होता.

भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये हा प्रस्ताव शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारला होता. तथापि २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतनजीकच्या खैराट या पाड्यावरील एकशिक्षकी शाळेत सुमारे वीस मुलांना हे लॅपटॉप देण्यात आले. खैराटच्या मुलांनी आणि त्यांच्या गुरुजींनी या यंत्रांचे उत्साहाने स्वागत केले, यात शंका नाही. पण वीस मुलांच्या उत्साहावरून देशाचे धोरण ठरत नाही. याच लॅपटॉपविषयी पेरू देशातील ३१९ शाळांत झालेल्या आणि इंटर-अमेरिकन विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या गणित व भाषेच्या संपादणुकीवर परिणाम आढळला नाही. सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत काही सुधारणा दिसली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. उत्तम विचारवंत मार्गदर्शक असूनही असे व्हावे, याचे कारण विचाराच्या दारिद्र्यात नाही. शिक्षकप्रशिक्षण, स्थानिक भाषेतील साहित्य आणि देखभाल या तीन गोष्टींचे उत्तरदायित्व मंडळातील कोणाकडेच नव्हते.

धोरणनिर्मितीच्या पातळीवरही हाच प्रश्न उपस्थित झाला. २००८ च्या सुमारास शालेय माहिती-तंत्रज्ञान धोरणाचा मसुदा तयार होत असताना मंत्रालयाने जेस्की ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि सीएसडीएमएस ही भारतीय संस्था यांचे साहाय्य घेतले. सल्लामसलतीत तंत्रज्ञान-विक्रेत्यांचा आवाज मोठा आणि शिक्षकांचा क्षीण आहे, असा आक्षेप शिक्षणतज्ज्ञ व नागरी संघटनांनी घेतला. त्यानंतर मसुद्याचा पुनर्विचार झाला आणि २०१२ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या धोरणात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्यात आले. केरळमध्येही अध्यापक संघटनांच्या आग्रहामुळे शाळांतील संगणक-शिक्षण खासगी मालकीच्या आज्ञावलींकडून मुक्त आज्ञावलींकडे वळले. दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते : सल्लामसलतीत कोण बसले आहे, यावर सल्ला काय मिळतो हे अवलंबून असते.

५. तज्ज्ञ शाळेत जातो तेव्हा : खिरोदा प्रकल्प

वरील विवेचनावरून तज्ज्ञांचा सहभागच निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातच याच्या उलट परंपरा आहे. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याला प्रारंभी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अर्थसाहाय्य लाभले. उद्योगघराण्यातून आलेला पैसा आणि नामवंत वैज्ञानिक हे दोन्ही घटक येथेही होते. मात्र कार्यपद्धती भिन्न होती.

केंद्राने १९७६ ते १९७९ या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रकल्प राबवला. वैज्ञानिक शिक्षकांसोबत बसले, प्रत्यक्ष अडचणी समजून घेतल्या आणि स्थानिक परिस्थितीत शक्य असे प्रयोग सुचवले. मुलांना विज्ञान कठीण जाते याचे एक मोठे कारण विज्ञान नसून पाठ्यपुस्तकाची भाषा आहे, हे निरीक्षण केंद्राच्या पुढील कार्याचा आधार ठरले. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली असता आकलन सुधारते, हे त्यांनी अभ्यासाने दाखवले. मुंबईतील सभागृहात बसून हा शोध लागला नसता.

सिंधुदुर्गाच्या दृष्टीने या शोधाचे मोल विशेष आहे. येथील मूल घरी मालवणी बोलते, शाळेत प्रमाण मराठी ऐकते आणि संगणकाच्या पडद्यावर बहुधा इंग्रजी वाचते. तीन भाषांच्या या चढणीवर त्याला कोठे दम लागतो, हे त्याच्या बाईंना ठाऊक असते. आज्ञावली तयार करणाऱ्याला नसते. घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या गारगोटीत मौनी विद्यापीठाच्या रूपाने जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी ग्रामीण शिक्षणाचे जे कार्य केले, त्याचाही पाया असाच होता. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाचा आराखडा लिहिणाऱ्या नाईकांच्या मागे गावात राहून केलेल्या कामाचा अनुभव होता.

६. संभाव्य आक्षेप

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला, देणगी फुकट मिळत असताना अटी घालणे परवडणारे नाही. हा आक्षेप व्यवहार्य वाटतो. परंतु फुकट मिळालेल्या संगणकाचे वीजबिल, दुरुस्ती आणि शिक्षकाचा वेळ शाळेलाच द्यावा लागतो. दुसरा, शासकीय समित्याही पारदर्शक नसतात. हे खरे आहे. तथापि शासकीय समितीची कागदपत्रे माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात, खासगी प्रकल्पाच्या मंडळाबाबत नागरिकाला ही थेट वाट उपलब्ध नाही. तिसरा, तज्ज्ञांना मानधन नाकारल्यास चांगली माणसे येणार नाहीत. येथे मानधनाला विरोध नाही; ते कोणाकडून व किती मिळते हे उघड असावे, एवढीच अपेक्षा आहे.

७. गावातील समिती : दुर्लक्षित अधिकार

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी, की शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा 'अन्य कोणत्याही' स्रोताकडून मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करण्याचा अधिकार या समितीला आहे.

ही शब्दयोजना पुरेशी व्यापक आहे. कंपनीकडून शाळेला मिळणारे साहाय्यही तिच्या कक्षेत येते, असे मानण्यास आधार आहे. म्हणजे ज्या देखरेखीसाठी आपण दूरच्या मंडळाकडे पाहतो, तिचा अधिकार आंबा-काजूच्या बागेत राबणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, एसटीने कणकवलीला कामाला जाणाऱ्या पालकांना कायद्याने दिलेला आहे. व्यवहारात मात्र अनेकदा समितीचे अध्यक्ष फीत कापण्याच्या दिवशी नारळ घेऊन उभे राहतात आणि करारावर त्यांची सही नसते. करार मराठीत नसतो, त्यामुळे तो वाचण्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

या पार्श्वभूमीवर पुढील सूचना कराव्याशा वाटतात :

(१) शाळेतील कोणताही उद्योगसमूह-पुरस्कृत तंत्रज्ञान प्रकल्प शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय सुरू होऊ नये आणि त्याचा करार मराठीत उपलब्ध असावा.

(२) सल्लागार मंडळात कार्यरत प्राथमिक शिक्षक आणि पालक यांना स्थान असावे. त्यांच्या प्रवासाचा व वेळेचा खर्च प्रकल्पाने द्यावा.

(३) प्रत्येक सदस्याने देणगीदार कंपनीशी असलेला आर्थिक संबंध जाहीर करावा. बैठकांचे इतिवृत्त आणि अमान्य केलेला सल्ला प्रसिद्ध व्हावा.

(४) मूल्यमापन प्रकल्पाशी संबंध नसलेल्या संस्थेकडून व्हावे आणि प्रकल्प संपल्यानंतर किमान दोन वर्षांनी शाळेला पुन्हा भेट दिली जावी. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विभाग हे काम करू शकतात.

(५) यंत्रांच्या देखभालीचा खर्च, कालावधी आणि उत्तरदायी व्यक्ती यांचा उल्लेख करारात असावा.

(६) मुलांच्या माहितीचे संकलन होत असल्यास ती कोठे साठवली जाते व कोणाला दिली जाते, हे पालकांना समजेल अशा भाषेत सांगितले जावे.

८. समारोप

तज्ज्ञांचे ज्ञान आणि उद्योगांचा पैसा या दोहोंची ग्रामीण शाळेला गरज आहे. खिरोद्यात ते एकत्र आले तेव्हा त्यातून शाळेला आणि ज्ञानालाही लाभ झाला. अन्य काही ठिकाणी ते एकत्र आले तेव्हा अहवाल, पुरस्कार आणि फलक एवढेच मागे राहिले. या दोन परिणामांतील फरक तज्ज्ञांच्या विद्वत्तेत नाही. सल्ला देणारा शाळेपर्यंत गेला की नाही, आणि शाळेला त्याला प्रश्न विचारता आला की नाही, यात तो आहे.

आपल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांनाही यातून बोध घेण्यासारखा आहे. अशा मंडळांची निमंत्रणे आपल्यापर्यंत येतात आणि आपण ती सन्मान म्हणून स्वीकारतो. संमती देण्यापूर्वी करार वाचण्यास मागावा, निदान दोन शाळांना पूर्वसूचनेशिवाय भेट द्यावी आणि आपला दूरध्वनी क्रमांक शाळेकडे असावा, एवढे पथ्य आपण स्वतःपुरते पाळू शकतो. नांदगाव परिसरातील त्या गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी फलकावर ज्यांचे नाव आहे, त्या प्रत्येकाची आहे.